सळसळणाऱ्या बाह्या

नव्या जॅकेटचा रबरी वास आला की भामरागडजवळची ती पायवाट आठवते. नागपुरातल्या दुकानातलं सगळ्यात महागडं वॉटरप्रूफ जॅकेट घालून मी वाटाड्याच्या मागे चाललो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, बांबूची पानं ठिबकत होती. वाटेत ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, तसा तो थबकला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, हालू नका. तुमच्या बाह्याच सळसळून राह्यल्या. अस्वल कुठी हाये, मले ऐकूच येऊन नाई राह्यलं.” मी थांबलो, तेव्हा कुठे डावीकडच्या झुडपातली घुरघुर मलाही ऐकू आली. दोन्ही हात अंगापासून लांब धरून मी उलट्या पावली मागे सरलो. आता दुकानदार जॅकेटवर पाणी ओतून दाखवतो, तेव्हा मी बाही कानाशी नेऊन घासून पाहतो.