मोहफुलांचे हवाबंद डबे

आमच्या घरात दारू आजवर एकदाच तयार झाली, आणि ती मी केली. तेव्हा मी गावच्या दारूबंदी समितीचा सचिव होतो. अजूनही आहे. राजीनामा द्यायचा तर कारण सांगावं लागतं, आणि ते मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

मुलीला बघायला सौंदडचे पाहुणे येणार होते. आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात मायची ढोली उभी होती. बांबूची, शेणामातीनं सारवलेली, पोट सुटलेल्या म्हाताऱ्यासारखी. माय उन्हाळ्यात पहाटे बांधावरची मोहफुलं वेचते, अंगणात वाळवते आणि ढोलीत भरते. वर्षभर त्यांचे लाडू होतात. पण पाहुण्यांना आधी ढोली दिसली असती आणि मग मुलगी. म्हणून मी गोंदियाच्या बाजारातून प्लास्टिकचे मोठे, पारदर्शक डबे आणले.

"भैया, ऐसा टाइट ढक्कन है," दुकानदार म्हणाला, "अंदर की हवा बाहर नहीं, बाहर की अंदर नहीं."

(मला तो गुण वाटला.)

माय अंगणात फुलं उलथवत होती. "अजून दोन उन्हं पायजेत याले. आंगात पानी हाय."

"माय, पाहुणे येऊन राहिले. पसारा नको."

"मंग ढोलीत टाक. ढोलीले हवा लागते. या डब्यात जीव घुसमटते."

"कोणाचा, फुलांचा?"

"हास बाप्पा, हास," माय म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

ढोली गोठ्यामागे गेली आणि डबे बैठकीतल्या फळीवर ओळीनं बसले. वैशाख, वर तापलेले पत्रे. चार दिवसांत झाकणं पुरीसारखी फुगली. बायकोनं घाबरून दाखवलं.

"हवाबंद आहे म्हणून फुगलं," मी म्हणालो. "ही क्वालिटी असते." आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. चांगली दुहेरी.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, वडील. मुलगी पोहे ठेवून बसली. तिला मुलगा आवडलाय हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. मीही खुललो.

"एक सांगतो," मी म्हणालो, "आमच्या घरात दारूचा वाससुद्धा—"

फट्ट.

पहिलं झाकण पंख्याला लागलं. काळपट, चिकट रस मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या शर्टावर उतरला. मग दुसरं झाकण उडालं, तिसरं उडालं. बैठकीत असा वास सुटला की वाटेनं जाणारा एक ओळखीचा गडी दारात थांबून आशेनं आत बघू लागला.

मुलाच्या वडिलांनी बाही हुंगली. "पहिल्या धारेची हाय का जी?"

मुलीचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं: फुलं ओली होती, डबे चुकीचे होते, मी मूर्ख होतो. पण सचिवाच्या तोंडून निघालं, "म्हातारीचं आहे. वय झालं, पण सवय सुटत नाही."

माय पाण्याचे पेले घेऊन दारातच उभी होती. जी माय चहासुद्धा घेत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग नातीकडे. पेले खाली ठेवले आणि पदर सारखा केला.

"हो जी. थोडी लागते मले."

मुलाच्या वडिलांनी हात जोडले. "घरातलं असं उघड सांगनारे लोक कुठं भेटतेत? खरं बोलनारं घर हाय. सोयरीक पक्की."

लग्न झालं. मुलगी सुखात आहे. माय मला त्यावरून आजतागायत एक शब्द बोललेली नाही. तिनं फक्त ढोली स्वतः ओढत बैठकीत परत आणली. व्याही मात्र दर खेपेला येतात, तिच्या पाया पडतात आणि कागदात गुंडाळलेली एक बाटली आदरानं तिच्या हातात देतात. ती माझ्याकडे सरकवते.

"फेकून देऊ?" मी हळूच विचारतो.

"सोयऱ्याचा मान हाय, फेकाचा नाई. ठेव तुह्या डब्यात. झाकन घट्ट लाव."

समितीची बैठक आमच्याच घरी भरते. डबे पारदर्शक आहेत, म्हणून मी सगळा वेळ फळीला पाठ लावून उभ्यानंच बोलतो. लोक म्हणतात, दारूबंदीची एवढी तळमळ दुसऱ्या कोणात नाही.