वहिनी आणि कुरळं मांजर

वहिनीने उभा जन्म लॉन्ड्रीत इस्त्री केली. मी त्याच लॉन्ड्रीत बॉयलरवर होतो. तिने घडी घातलेली चादर न बघता ओळखू यायची, चारी कोपरे एकावर एक. दादा गेला, आम्ही दोघं निवृत्त झालो, तरी सकाळी उठून ती घरातले पडदे इस्त्री करायची. मी वरच्या मजल्यावर राहतो. इस्त्रीचा वास आला की चहाला खाली उतरायचं, हा माझा नेम.

हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या भाचीने मांजर आणलं. रेक्स जातीचं. मोठे कान, किडकिडीत अंग आणि तळ्यावरून वारा जावा तशा अंगभर लाटा. मिशासुद्धा कुरळ्या.

"मावशी, माझ्या नव्या घरात मांजर चालत नाही. उन्हाळ्यापर्यंत सांभाळ. जमलं तर तुझंच. नाही तर ज्यांच्याकडून आणलं त्यांना परत देईन."

"न जमायला काय झालं?"

भाचीने जातीची कुळकथाही सांगितली. शेतावरच्या एका साध्या मांजरीच्या पिल्लांत एक कुरळं निघालं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्या एकापासून जात वाढवली.

"म्हणजे घरात एकच वाकडा निघाला, आणि कौतुक त्याचंच," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही नशीबवान."

त्या दुपारी मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. पडद्यातून गाळून आलेलं ऊन. खोलीभर वाफ. गरम कपड्यांच्या चळतीवर मांजर, त्याच्या श्वासाबरोबर हलणाऱ्या लाटा. कपातला चहा निवून जायचा.

पण वहिनीचा हात स्वस्थ बसणारा नव्हता. कोट झटकायचा ताठ ब्रश घेऊन ती मांजराला सकाळ-संध्याकाळ घासू लागली. केस गळायला लागले, तशी आणखी जोर लावून. "मेहनत कमी पडतेय," म्हणायची. पाठ गुलाबी, उघडी पडली. मिशा तुटल्या.

डॉक्टरांनी पाठ पाहिली. "आजी, आजार नाही. हे केस बारीक असतात, ओढले की तुटतात. ब्रश बंद. कातडी तेलकट होते, ती ओल्या मऊ फडक्याने पुसा. कान साफ ठेवा. याला थंडी लवकर वाजते, ऊब द्या. बाकी काही करू नका."

"काही करू नका म्हणजे किती दिवस?"

"केस येईपर्यंत. सगळे येतीलच असं नाही."

घरी येताच तिने ब्रश माझ्या हातात दिला. "वर न्या. मला दिसायला नको."

मी कोळसा ओढलाय, राख उपसलीय. पण त्या बाईला मांडीवर मांजर घेऊन नुसतं बसताना जेवढे कष्ट पडले, तेवढे मला कधी पडले नाहीत. बोटं आपोआप पाठीकडे जायची. ती मूठ मिटायची. हळूहळू मूठ सैल पडली. कधी मांजर आधी झोपायचं, कधी ती. पडदे चुरगळलेलेच राहिले.

उन्हाळा लागला. टोपली घेऊन भाची आली. मांजराच्या पाठीवर नुसती मऊ लव होती, एका बाजूला बारीकशी लाट.

"मी घासून घासून केस घालवले," वहिनीने तिला बसूही दिलं नाही. "न्यायचं तर ने."

भाचीने लवेवर बोट टेकवलं. "आणि हे कसे आले?"

"त्यात माझं काही नाही. मी नुसती बसले होते."

"मग बस अशीच," म्हणत भाचीने रिकाम्या टोपलीचं झाकण लावलं.

वहिनीला उठता येईना, मांडीवर मांजर झोपलेलं. चहा मलाच टाकावा लागला.