मामांच्या नजरेतला पूल

आमच्याकडे सुना मोटरसायकलवर दोन तऱ्हांनी बसतात. घरातली मोठी माणसं दिसत असेपर्यंत एका बाजूला पाय सोडून, आणि ती दिसेनाशी झाली की दोन्हीकडे पाय टाकून. त्यासाठी गाडी कुठे थांबवायची तेही ठरलेलं असतं. माझे मामा पूर्णगडच्या खाडीपलीकडे राहतात. त्यांच्या अंगणातून अख्खा पूल दिसतो, म्हणून आमची थांबायची जागा पूल संपल्यावर.

गेल्या पावसाळ्यात मामांकडे जेवून आम्ही दोघं रत्नागिरीला परत निघालो. पाऊस उघडला होता, पण समुद्राकडून असा वारा सुटला होता की अंगणातले माड एकाच बाजूला वाकलेले होते. पुलाच्या तोंडाशी बायको म्हणाली, "इथंच नीट बसते. नायतर मी चालत येते, तुम्ही पुढं व्हा."

"मामा बघतायत," मी म्हणालो. "काय होत नाय. मी आहे ना."

वाऱ्यात गाडी कशी चालवावी यावर मी ऑफिसात जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत असे. वेग कमी ठेवा, हँडल आवळू नका, गुडघे टाकीला टेकवा, वाऱ्याच्या अंगाला थोडं झुका. ते सगळं खरं आहे आणि त्या दिवशी मी ते सगळं केलं. मागे माणूस बसलंय, एवढंच माझ्या शहाणपणात बसत नव्हतं. वारा डावीकडून येत होता आणि तिचे पायही डावीकडे. मी डावीकडे झुकलो की तिला आपण घसरतोय असं वाटे आणि ती घाबरून उजवीकडे रेले. मी वैतागून म्हणालो, "हलू नको गं."

पुलाच्या मध्यावर जोराचा झोत आला. मी झुकलो, ती रेलली, आणि गाडी समोरून येणाऱ्या चिऱ्यांच्या ट्रकपुढे गेली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबले. आम्ही आडवे झालो. ट्रकचं चाक थांबलं ते तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तिचा गुडघा आणि तळहात सोलून निघाले होते. मला साधं खरचटलंही नव्हतं, आणि त्याची मला फार लाज वाटली.

मामा पुलावरून अनवाणी धावत आले. आधी त्यांनी तिला उठवलं, मग माझ्याकडे वळले. "वारा दिसत नाय तुला? दोनीकडं पाय टाकून बसवायची ना तिला. आमी काय बोलणार व्हतो?"

मी गाडी ढकलत पूल ओलांडला. ती मामांचा हात धरून मागून चालत आली.

घरी पोचल्यावर आईने तिचा गुडघा बघितला. मी तोंड उघडायच्या आधीच बायको म्हणाली, "माझंच चुकलं, आई. मी नीट धरून बसले नव्हते."

आईने तिला चांगलंच सुनावलं. मागे बसणाऱ्याने असं हलायचं नसतं, चालवणाऱ्याने कुठं कुठं बघायचं, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी आई म्हणाली, "तो होता म्हणून वाचलीस."

मला खरं सांगायला भरपूर वेळ होता. आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि मी तो मुकाट्याने प्यायलो.