काकू, झोप लागते ना?

आमच्या फार्मसी कॉलेजात एका प्रॅक्टिकलला निम्मी मुलं रुग्ण होतात आणि उरलेली त्यांना औषधं कशी घ्यायची ते समजावून सांगतात. परीक्षा जवळ आली की सगळे पेंगुळलेले असतात. पाठ केलेलं घडाघडा म्हणतात आणि मोकळे होतात. मृणाल मात्र त्या खोट्या रुग्णाजवळ खुर्ची ओढून बसते. तेव्हा तिच्या आवाजात जी माया उतरते, तिचा मला मनापासून राग येतो. तिला मार्क जास्त पडले असते तर एक वेळ चाललं असतं. पण अभ्यास तोच, जागरणं तीच, मग दुसऱ्यासाठी हिच्याकडे एवढं उरतं कुठून? माझं तर सगळं आटून गेलंय.

काल मी तिची रुग्ण होते. बीपीची, साठीची. गोळीची वेळ सांगून झाल्यावर तिने विचारलं, "काकू, झोप लागते ना?"

"नाही गं," मी म्हणाले, "टाइमटेबल लागल्यापासून नाही."

वर्ग खो खो हसला. सरही हसले, "काकू, तुम्हाला कसली परीक्षा?"

मृणाल तेवढी हसली नाही. तिने टेबलाखालून माझा हात धरला. तिचा हात उबदार होता. मला त्या उबेचासुद्धा हेवा वाटला, पण हात काही मी सोडवून घेतला नाही.