नावं ठेवून घेण्याची पंगत

मस्कतच्या विमानतळावर बॅगेचं वजन पंधरा किलो भरलं, अपमानाचं वेगळं. तिथल्या फळांच्या शीतगृहात मी व्यवस्थापक. वरिष्ठांनी माझ्या हाताखालच्या लोकांकडून माझ्याबद्दल बिननावी मतं मागवली. "साहेब ऐकून घेत नाहीत," असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं. ते कसं चूक आहे, हे मी सगळ्यांना उभं करून तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी माझा सर्वांत भरवशाचा सुपरवायझर, श्रीलंकेचा निमल, महिन्याच्या नोटिशीवर राजीनामा देऊन मोकळा झाला.

वरिष्ठ म्हणाले, "आठवडाभर घरी जाऊन ये. मग निमलशी बोल. तो गेला, तर तुझंही कठीण आहे."

जळगाव स्टेशनबाहेर बॅग ओढत होतो. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, बॅगले चाकं आहेत, पन रस्ता कुठे आहे?" इथेही मतं फुकटच मिळत होती. एसटीने पहूर गाठलं.

पहूरला नानामामांची केळीची बाग. त्या दिवशी केळी कापणाऱ्या मजुरांना भरिताचं जेवण होतं. मामांनी स्वतः पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या झाडांवर) वांगी भाजली आणि मिरची-लसूण घालून बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचली. मामांच्या शेतावरची रीत अशी, की पंगत बसण्याआधी प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूटभर भरीत ठेवायचं आणि नावं ठेवून घ्यायची.

"मीठ कमी आहे, नाना."

"मिरची घातली, का नुसती दाखवली?"

मजुरांतल्या वयस्कर सखूअक्का तर म्हणाल्या, "मांगच्या खेपेले बरं जमलं होतं."

मामा दर वेळी बोटावर भरीत घेऊन चाखत. मीठ त्यांनी घातलं, मिरची नाही. बोलले मात्र एक अक्षर नाही. मलाच राहवेना. "अक्का, यंदा वांग्याची जातच..." मी सुरुवात केली, तोच मामांनी माझ्या हातात कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) कोंबली.

जेवणानंतर विचारलं, "तुम्हाला राग येत नाही?"

"येते ना! अक्काचा त लई येते," मामा म्हणाले. "पन जीभ एकच आहे, भो. तिले बोलाले लावली, त चाखू कशानं?"

मस्कतमधला तो तास आठवला आणि लाज वाटली. भाकरी मात्र चार खाल्ल्या.

धुळ्याला देवपुरात ताईकडे दोन दिवस राहिलो. चहाबरोबर तिने यादीच काढली: फोन करत नाहीस, केलास तर स्वतःचंच सांगतोस, भाचीची शाळा कोणती तेही तुला माहीत नाही. "अगं, तिथली वेळ..." एवढं तोंडातून सुटलंच. बाकीचं चहाबरोबर गिळलं. माणूस एका भरितात सुधारत नाही.

मस्कतला परतल्यावर निमलला केबिनमध्ये बोलावलं. तो बसला आणि बोलू लागला. मी नव्या लोकांना नावाने हाक मारत नाही, त्यांच्यादेखत त्याला झापतो, त्याच्या बापाच्या आजारपणात मी रजा नाकारली. शेवटचं ऐकताना कारण माझ्या ओठांवर आलं होतं, आणि कारण खरंही होतं. ते मी दातांखाली धरून ठेवलं. बाप त्याचा होता.

बोलणं संपवून तो उठला. दाराच्या मुठीवर हात ठेवून माझ्या उत्तराची वाट पाहत राहिला.

मी म्हणालो, "आणखी?"

त्याने मूठ सोडली आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसला.