माझ्या मशीनला हात कोणी लावला

मी चिडका माणूस आहे आणि संशयी तर त्याहून आहे. घरची म्हणते, डोळे गेल्यापासून असा झाला. साफ खोटं आहे. डोळे होते तेव्हाही मी दूधवाल्याच्या कॅनमध्ये वाकून पाहायचो. आता वाकून पाहायची सोय गेली, एवढंच.

सौसरच्या एका शाळेच्या दफ्तरात मी बाबू आहे. नजर एकदम नाही गेली, कडेकडेनं कमी होत होत पस्तिशीत पूर्ण गेली. नोकरी राहिली, पण काम काढून घेतलं. सहा वर्षं मला फाटकाजवळच्या खोलीत फोनपाशी बसवून ठेवलं होतं. फोन दिवसातून दोनदा वाजायचा, त्यातला एक राँग नंबर. पगार पूर्ण. येणारा-जाणारा प्रत्येक जण मायेनं "बसा, बसा" म्हणायचा. अरे, मी बसलेलाच आहे ना बाप्पा! उठायला काम कुठं दिलं तुम्ही?

त्या खोलीतून मला पांढुर्ण्याच्या एका बाईंनी बाहेर काढलं. त्यांनाही दिसत नाही. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो, त्यावर कॉम्प्युटर चालवायला त्या शिकवतात. दोन हिवाळे मी दर रविवारी एसटीसारखी खडखडणारी खाजगी बस धरून त्यांच्याकडे गेलो. माउस नाही, सगळा कारभार बटणांवर. ऑल्ट दाबलं की वरचा मेनू उघडतो, मग बाणाचं बटण दाबत पुढं जायचं आणि कानात आवाज सांगत जातो: फाईल, एडिट, व्ह्यू. पाहिजे तिथं एंटर मारायचा. पहिल्यांदा माझं मी एक पत्र टाईप करून छापून काढलं, तो कागद मी घरी नेऊन देवाजवळ ठेवला होता. त्यावर काय लिहिलं होतं ते विचारू नका, साधी खडू मागवल्याची चिठ्ठी होती.

मग मला दफ्तरात टेबल मिळालं. माझ्या डाव्या हाताला दुसरा बाबू बसायचा. तो बोरगावहून यायचा म्हणून सगळे त्याला बोरगाववालाच म्हणायचे, मीसुद्धा. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा, बोलघेवडा माणूस. मोठे सर, म्हणजे आमचे प्राचार्य, कोणत्या रंगाचा शर्ट घालून आले, कोणाचा पालक तोंड पाडून बाहेर बसला, ही सगळी बातमी तो मला न विचारता द्यायचा. बाकीचे माझ्या टेबलाच्या बाजूनंही जात नसत. मीच पहिल्या दिवशी ओरडून सांगितलं होतं की माझ्या मशीनला कोणी हात लावायचा नाही. कोणी एक सेटिंग बदललं तर मला अर्धा दिवस शोधावं लागतं, ते त्यांना काय कळणार?

यंदा दसऱ्याआधी मोठ्या सरांनी बोलावलं. म्हणाले, "नववीच्या नोंदणीची यादी सुट्ट्यांनंतर भरायची आहे. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही माझ्यासमोर बसून दहा नावं भरून दाखवा. जमलं तर ते काम तुमचं. नाही जमलं तर तुमचं टेबल बोरगाववाल्याले देऊन देऊ. तुम्ही आपले आरामात फोनवर बसा."

आरामात! हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी "जी सर" म्हणून बाहेर आलो, आणि मनात पहिला विचार हा आला की यात फायदा कोणाचा आहे. फायदा तर उघड उघड डाव्या हाताला बसला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी रजेवर होतो, सासुरवाडीला पांढुर्ण्याला. सुट्ट्या संपवून आलो आणि मशीनवरचं कापड काढायला हात नेला, तर कापडाची घडी उलटी. मी घडीची उघडी बाजू माझ्याकडे ठेवतो, ती भिंतीकडे होती. की-बोर्ड उचलला तर खाली सुपारीचा बारीक तुकडा. दफ्तरात खर्रा कोण खातो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"माझ्या मशीनले हात लावला काय तू?" अकराला तो आल्या आल्या मी विचारलं.

तो थांबला. एक श्वास जाईल एवढाच थांबला. मग म्हणाला, "नाही जी भाऊ. मी कायले लावू?"

डोळ्यांनी पाहणारे चेहरा वाचतात म्हणे. मी थांबणं वाचतो. खरं "नाही" लगेच येतं. हे "नाही" विचार करून आलेलं होतं. मी मनात लिहून ठेवलं.

आणि त्याच दिवसापासून मेनू बिघडला. सकाळी चिठ्ठ्यापत्रं टाईप करायचो तोपर्यंत सगळं ठीक. अकराच्या सुमाराला सरावासाठी यादीचं काम काढलं, मेनू उघडला, की झालंच! एकदा उघडलेला मेनू पिच्छाच सोडेना. नाव लिहायला अक्षर दाबावं तर अक्षर उमटायचंच नाही, दुसराच एखादा मेनू उघडायचा. आवाज आपला कानात सांगतोय: फाईल, नवीन, उघडा. अबे, मी पोराचं नाव लिहून राहिलो, तू काय उघडून राहिला? एकदा तर एफ-फोर दाबलं आणि पूर्ण खिडकीच बंद झाली. बावीस नावं गेली. मी टेबलावर मूठ आपटली तसा डावीकडून आवाज आला, "काय झालं भाऊ? पाहू काय मी?"

"काही नको पाहू," मी म्हणालो.

बोरगाववाला रोज अकरालाच यायचा, त्याची बसच तेवढ्याला होती. म्हणजे बघा, तो नसला की मशीन शहाण्यासारखी चालते, तो येऊन बसला की भूत शिरतं. आणखी काय पुरावा पाहिजे? बिनतारी काहीतरी लावलं असेल, त्याच्या टेबलावरून दाबत असेल. मी टेबलाखाली रांगून वायरी चाचपल्या. एक मरून पडलेला भुंगा सापडला, बाकी काही नाही.

पांढुर्ण्याच्या बाईंना फोन लावला. त्यांना मी सगळं सांगितलं, घडी, सुपारी, अकरा वाजता येणारी बस. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आधी माणूस पकडला, आता त्याच्यासाठी गुन्हा शोधून राहिले. आधी मशीन तपासा. उद्या सकाळी बटण-ओळख चालू करा. त्यात काही दाबलं तरी काम होत नाही, फक्त कोणतं बटण दाबलं ते आवाज सांगतो. एफ दाबा. नुसतं 'एफ' बोलला तर ठीक. 'ऑल्ट एफ' बोलला तर ऑल्ट अडकलं समजा. आणि दुसरा की-बोर्ड लावून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे."

सकाळी गेल्या गेल्या पहिल्यांदा ते केलं. एफ दाबलं. आवाज म्हणाला, "एफ." एस दाबलं. "एस." एकदम साफ. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, पण कशाचा? मशीन निर्दोष निघाली, म्हणजे माणूस दोषी ठरला, याचा. दुसरा की-बोर्ड मी लावलाच नाही. जास्तीचा की-बोर्ड त्याच्याच टेबलाच्या खणात होता आणि मला त्याच्यासमोर हात पसरायचा नव्हता.

तो मात्र रोज बोलायचा. मोठे सर आज चिडलेले दिसतात, मोहगावचे पालक आले, मैदानात पोरं भांडून राहिली. मी हूं का चूं करत नसे. तिसऱ्या दिवशी तोही कमी बोलू लागला, तर मला वाटलं, मनात पाप आहे म्हणून गप्प झाला.

शनिवार आला. मोठे सर खुर्ची ओढून माझ्या उजवीकडे बसले. मागे चपराशी काका, आणि डावीकडे तो. मी यादी उघडली, मेनूतून नवीन ओळ घेतली, पहिलं नाव लिहायला बोट टेकवलं आणि मेनूंची रांगच सुटली. फाईल. बंद करा. जतन करायचं काय? मी एस्केप मारतोय, पुन्हा लिहितोय, पुन्हा मेनू. सर हळूच म्हणाले, "असू द्या, होते असं."

ते "असू द्या" मी ओळखत होतो. त्याच्यापुढचा शब्द "आरामात" होता. ती फाटकाजवळची खोली, तो दिवसातून दोनदा वाजणारा फोन, सगळं मला समोर दिसलं, आणि मी फुटलो.

"सर, माझी मशीन बिघडवली आहे! यानं! मी रजेवर होतो तेव्हा यानं हात लावला, आणि मले तोंडावर खोटं बोलला. याले माझं टेबल पाहिजे!"

सरांनी विचारलं, "हात लावला होता काय रे?"

"हो जी," बोरगाववाला म्हणाला. यावेळी अजिबात थांबला नाही. "खंडेनवमीच्या दिवशी आपण सगळ्या मशीनींची पूजा नाही का केली? काका याची सोडून देत होते, भाऊ ओरडतील म्हणून. मी म्हटलं, सगळ्यांच्या मशीनीले हळदकुंकू आणि याच्याच मशीननं काय पाप केलं? मीच कापड काढलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला त्याचं पाणी शिंपडलं. मग पुसून पुन्हा झाकून ठेवली. भाऊंनी विचारलं तवा भीती वाटली जी, म्हणून नाही म्हटलं."

मला विश्वास ठेवायचा नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणीही मी विचार करत होतो की गोष्ट छान रचली आहे. पण हात आपोआप बटण-ओळखीवर गेला. एफ दाबलं.

"ऑल्ट एफ," आवाज म्हणाला.

ऑल्टवर माझं बोट नव्हतं. मी चाचपून पाहिलं, तर ते बटण शेजारच्या बटणांपेक्षा खाली बसलेलं. मेनू उघडायला मीच ते दाबलं होतं आणि ते वर आलंच नव्हतं. सकाळी मी मेनूपर्यंत जातच नव्हतो, रात्रभरात ते वर आलेलं असायचं आणि म्हणून माझी तपासणी साफ निघाली होती. चपराशी काकांनी पेन्सिल तासायच्या सुरीनं बटण उचकटलं. "सर, खाली पिवळं पिवळं चिकट हाय. नारळाचं पाणी वाळून गोंद झालं पाहा."

सर खळखळून हसले. काकाही हसले. बोरगाववाला हसला नाही. त्याचा खण उघडल्याचा आवाज आला, आणि माझ्या पुढ्यात दुसरा की-बोर्ड येऊन पडला. मी दहाच्या दहा नावं भरली, एक चूक नाही. सर म्हणाले, "झालं, नोंदणीचं काम तुमचं, टेबल तुमचं." मग ते उठले तेव्हा मागून तो त्यांना म्हणाला, "सर, माझं टेबल पलीकडच्या खोलीत लावून द्या. इथं ऊन फार लागते." आमच्या दफ्तरात ऊन येत नाही. मी पाच वर्षं तिथं बसतो, ऊन आलं असतं तर माझ्या गालाला कळलं असतं.

रविवारी मी बोरगावला गेलो. घरची म्हणाली, येते सोबत. मी नको म्हटलं. दसरा जाऊन दोन हप्ते होत आले होते, तरी देवघरात उरलेली आपट्याची पानं खिशात घातली. त्याच्या बायकोनं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. तो संत्र्याच्या बगीच्यातून आला. मी पान पुढं केलं.

"आता सोनं? आता तर फराळ आणायचा होता, भाऊ," तो म्हणाला. थट्टा होती, पण तिच्यात जोर नव्हता.

मी वयानं मोठा, तरी त्याच्या पायांकडे वाकलो. त्यानं मला मध्येच धरलं. "अबे काय करून राहिला! बस खाली."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "फार चुकलं गड्या."

चहा झाला. त्यानं कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "राग नाही जी मले. एक विचारू? दफ्तरात आपण पाच जण. खंडेनवमीले तू सोडून चारही जण होते. माझंच नाव काऊन आलं तुझ्या तोंडात?"

उत्तर मला माहीत होतं, आणि त्याची मला लाज वाटली. तरी मी ते दिलं. "बाकीचे माझ्याजवळ येतच नाहीत. तूच यायचा."

तो "हं" म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तर मग आता दुरूनच बरं, भाऊ." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं.

त्यानं मला बसपर्यंत आणून सोडलं, हाताला धरून चढवलं आणि कंडक्टरला माझा स्टॉप सांगितला.

सोमवारी सकाळी काका टेबल ओढत नेत होते, त्याचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज मी बसल्या जागी ऐकला. मी नववीची यादी काढली. ऑल्ट दाबलं, मेनू उघडला, एकदाच उघडला. नाव लिहिलं तर नाव उमटलं. त्या दिवशी सदतीस नावं झाली, एकही गेलं नाही. शेवटचं जतन केलं आणि डावीकडे तोंड करून मी मोठ्यानं म्हणालो, "झालं रे गड्या!" मग लक्षात आलं, आणि मी उगाच खोकून घेतलं.