मुद्देमालातल्या चपला

ती दुपार आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. पाचोडला बाजाराचा दिवस होता. खबऱ्या धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, बाजारामागच्या खोलीत लई मोठा डाव चालूय. दार बंद, चपला समद्या आत. बेट, डाइस, कायबाय वरडायलेत!"

चपला आत म्हटल्यावर मी उठलोच. रस्त्यावरून संशय येऊ नये म्हणून जुगारी चपला आत घेतात, हे प्रत्येक हवालदाराला ठाऊक असतं.

छापा टाकला. माणसं मागच्या दारानं अनवाणीच पळाली. हाती लागला एक तरुण, चपलांचा ढीग आणि फळ्यावर खडूनं लिहिलेली इंग्रजी वाक्यं. पत्त्याचं पान एकही नाही. पंचनाम्यात लिहावं काय, तेच कळेना. शेवटी चपलाच जप्त केल्या.

ठाण्यात आणल्यावर पोरगा म्हणाला, "साहेब, मी इंग्रजी शिकवतो. यू बेट म्हंजे व्हय, नक्की. रोल द डाइस म्हंजे धोका पत्करायचा."

"आणि बेट म्हणजे पैज, तिचं काय?"

"पैज नाय लावत कुणी."

"मग पैज म्हणतात कशाला?"

"ते तसंच म्हणत्यात, साहेब."

माझी मती गुंग झाली. "शिकवतोस, तर चपला आत का? पळाले कोण?"

 त्याची शाळेत शिक्षक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात अडकली होती. गुन्हा नोंदवला की नोकरी गेली. तरी एक नाव सांगेना. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

तेवढ्यात गावातले एक मोठे बागायतदार दारात उभे राहिले. डोक्याला कडक फेटा, पाय अनवाणी. सारं ठाणं उठून उभं राहिलं.

"साहेब, पोराला सोडा. चपला मीच आत घ्यायला लावल्या. म्हातारपणी शिकाया बसलो म्हून गाव हसंल, ही लाज. नात परदेशात ऱ्हाती. फोनवर कायबी इचारलं की यू बेट म्हणती. मला वाटलं, पोर जुगाराला लागली. कुणाला इचारावं?"

कुणी हसलं नाही. मी त्यांचा जोडा त्यांच्यापुढं ठेवला. पडताळणीवर शेरा मारला, आक्षेप नाही.

"पुन्हा वर्गाला जाणार का?" मी विचारलं.

म्हातारबुवा जोड्यात पाय सरकवून सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "यू बेट!"

पैज न लावता पैज का म्हणायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एवढं मात्र उमगलं, की गुन्हा लपवणारा आणि लाज लपवणारा, दोघंही चपला आतच घेतात.

पुढच्या बाजाराला त्या खोलीवरून गेलो. चपला बाहेर होत्या.